शेजारधर्म पाळणारा सोलापूरचा डॉक्टर : डॉ. द्वारकानाथ कोटणीस



दरवर्षी १८ ऑक्टोबरला आपण संत लूक यांचा सण साजरा करतो. संत पौलाने कलस्सैकरांस पाठविलेल्या पत्रात लूक हे वैद्य होते असा उल्लेख आहे. म्हणून ख्रिस्तसभा त्यांना डॉक्टरांचे व परिचारिकांचे आश्रयदाते मानते. दयाळू शोमरोन्याचा दाखला चारही शुभवर्तमानांपैकी केवळ संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. रस्त्यावर जखमी होऊन पडलेला माणूस, त्याला ओलांडून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबून त्याच्या जखमा बांधणारा परका शोमरोनी ही गोष्ट आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे.

याच ऑक्टोबर महिन्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातील एका डॉक्टरचा जन्मदिन येतो. हा डॉक्टर जन्माने ख्रिस्ती नव्हता. त्याचे काम भारतात नव्हे, तर हजारो किलोमीटर दूर, परक्या भाषेच्या देशात झाले. वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तो तिथेच मरण पावला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांचे नाव. नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पण त्यांचे जीवन फार थोड्यांना माहीत असते. म्हणून या रविवारी त्यांची ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. कुटुंब मध्यमवर्गीय होते. घरात दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. त्या काळचे सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचे गाव. पहाटे भोंगा वाजला की कामगारांचे जथे गिरणीकडे निघत. गरिबी, आजारपण आणि दाटीवाटीच्या वस्त्या हे त्या गावाचे रोजचे चित्र होते.

ते १९ वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, सोलापुरात स्वातंत्र्याच्या चळवळीने पेट घेतला आणि इंग्रज सरकारने गावात मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. या हुतात्म्यांच्या गावाचा हा तरुण पुढे मुंबईला गेला आणि शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे केईएम रुग्णालयाच्या कॉलेजातून, १९३६ मध्ये डॉक्टर झाला. पुढच्या पदवीचा अभ्यास सुरू होता. आणखी दोन-तीन वर्षे गेली असती तर मुंबईत किंवा सोलापुरात दवाखान्याची पाटी लागली असती, लग्न झाले असते, आणि आईवडिलांना म्हातारपणी आधार मिळाला असता. त्या घराने तेवढीच अपेक्षा धरली असेल, तर त्यात गैर काहीच नव्हते.

चीनची हाक

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. डिसेंबरमध्ये नानकिंग शहर पडले आणि तिथे निरपराध लोकांची भयंकर कत्तल झाली. चिनी सैन्याकडे शूर माणसे होती, पण डॉक्टर फार थोडे होते. साध्या जखमा चिघळून माणसे मरत होती. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले. भारत स्वतः पारतंत्र्यात होता, गरीब होता. तरीही लोकांच्या वर्गणीतून २२,००० रुपये आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली.

पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. कोटणीसांच्या घरी त्या काळी चीनविषयी फारशी माहिती असण्याचे कारण नव्हते. वडिलांनी मुलाला जाण्यास प्रोत्साहन दिले. मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आईला फार दुःख झाले. परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरताना आईला काय वाटते हे आपल्यापैकी अनेक मातांना वेगळे सांगायला नको.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले. त्याच महिन्यात ते चीनच्या कँटन बंदरात उतरले आणि तिथून हँकौला गेले. काही आठवड्यांतच ही दोन्ही शहरे जपानच्या हाती पडली. माघार घेणाऱ्या लोकांबरोबर, जखमींवर उपचार करीत, पथक चुंगकिंग या शहरात पोहोचले.

वडील गेल्याची बातमी

चुंगकिंगमध्ये असतानाच, १९३९ च्या सुरुवातीला, कोटणीसांना घरून वडील वारल्याची बातमी आली. पुढचा प्रवास उत्तरेकडील येनान या दुर्गम भागाचा होता. परत फिरण्यासाठी याहून मोठे कारण कोणते असू शकते? आई विधवा झालेली, घरात भावंडे. ते परतले असते तर कोणीही नाव ठेवले नसते.

ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते सहकाऱ्यांबरोबर येनानला पोहोचले.

हा निर्णय वाचताना आपण घाई करू नये. आईवडिलांचा मान राखा ही देवाची आज्ञा आहे. घरच्यांना वाऱ्यावर सोडून जगाची सेवा करावी असे प्रभू येशूने कधीही शिकविले नाही. पण काही जणांच्या आयुष्यात अशी वेळ येते की दोन्हीकडे कर्तव्यच असते आणि एकच निवडता येते. कोटणीसांनी जे निवडले त्याची किंमत सोलापूरच्या घरानेही मोजली, हे विसरता कामा नये. आपल्या धर्मग्रामांतून धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होण्यासाठी मुले-मुली जातात, तेव्हा घरातले लोकही अशीच किंमत मोजतात.

परक्या देशात डॉक्टर म्हणजे काय

एका देशात शिकलेला डॉक्टर दुसऱ्या देशात गेला की त्याचे अर्धे ज्ञान निरुपयोगी ठरते. त्याला शस्त्रक्रिया येते, पण कुठे दुखते हे विचारता येत नाही. औषध ठाऊक असते, पण ते त्या ठिकाणी मिळत नाही. कोटणीसांनी चिनी भाषा शिकायला घेतली. नुसती कामापुरती नव्हे, तर बोलता, लिहिता आणि शिकविता येईल इतकी. पथकातील डॉक्टरांना चिनी नावे देण्यात आली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन देश असा अर्थ असलेला हुआ हा शब्द जोडला गेला. कोटणीस झाले के तिहुआ.

हळूहळू पथक पांगले. आजारपण आणि इतर कारणांनी डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी व डॉ. अटल मायदेशी परतले. डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस दोघेच राहिले. १९४० मध्ये ते जपानी सैन्याच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ प्रदेशात गेले. तिथे रुग्णालय म्हणजे शेतकऱ्याचे घर आणि शस्त्रक्रियेचे टेबल म्हणजे दोन बाकांवर टाकलेली फळी. शत्रू जवळ आला की जखमींना उचलून दुसऱ्या गावी न्यावे लागे. त्या वर्षीच्या एका मोठ्या लढाईत कोटणीसांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे.

बेथ्यून यांची जागा

याच प्रदेशात त्यांच्या आधी कॅनडाचे एक नामवंत शल्यचिकित्सक काम करून गेले होते. डॉ. नॉर्मन बेथ्यून. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातमोजे नव्हते. जखमेत विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. त्यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालय उभे राहिले आणि जानेवारी १९४१ मध्ये त्याचे प्रमुख म्हणून डॉ. कोटणीस यांची नेमणूक झाली. सोलापूरच्या मुलाने कॅनडाच्या डॉक्टरचे काम चीनमध्ये पुढे चालविले.

आपल्या भागातील लोकांना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. विल्यम वॉनलेस हे डॉक्टरही मूळचे कॅनडाचे. ते १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आपल्याकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. दुखणे हाताबाहेर गेले की मिरजेला न्या, हे वाक्य आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असे. परक्या देशातील डॉक्टर आपल्या दारी आले, तसाच आपला एक डॉक्टर परक्याच्या दारी गेला. घेतलेले कुठेतरी फेडले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. तिथे कोटणीस चिनी भाषेत शस्त्रक्रिया शिकवीत. पुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे लिहायला घेतले. बाहेरून आलेला डॉक्टर किती रोगी बरे करतो यापेक्षा तो गेल्यावर मागे किती शिकलेले हात राहतात, याला अधिक मोल असते. हे त्यांनी ओळखले होते.

संसार आणि अखेर

डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात कोटणीसांची ओळख कुओ छिंगलान या परिचारिकेशी झाली. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

पण अपुरे अन्न, थंडी आणि अखंड श्रम यांनी कोटणीसांची प्रकृती ढासळली होती. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे झटके येऊ लागले. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला, पण काम सोडून ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, झटक्यांची मालिका सुरू झाली ती थांबलीच नाही, आणि त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. सोलापूरच्या आईला आपला मुलगा पुन्हा कधीच दिसला नाही.

पुढे दुःख संपले नाही. यिनहुआ वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षण घेत होता. ते पूर्ण होण्याच्या उंबरठ्यावर असताना १९६७ मध्ये तोही मरण पावला. छिंगलान यांनी मात्र सोलापूरच्या या घराशी नाते तोडले नाही. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. वयाच्या ९६ व्या वर्षी, २०१२ मध्ये, त्यांचे निधन झाले.

त्याच प्रदेशातला एक धर्मगुरू

आपल्या वाचकांना आणखी एका व्यक्तीची आठवण करून द्यावीशी वाटते. कोटणीस ज्या होपेई प्रांतात वारले, त्याच प्रांतातील आनकुओ या धर्मप्रांतात फादर व्हिन्सेंट लेब हे बेल्जियमचे मिशनरी काम करीत. ते १९०१ मध्ये चीनला आले. चीनची ख्रिस्तसभा चिनी महागुरुस्वामींच्या हाती असावी, यासाठी ते झटले. १९२६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी सहा चिनी धर्मगुरूंना रोममध्ये महागुरुस्वामीपदाची दीक्षा दिली, त्यामागे फादर लेब यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनी चीनचे नागरिकत्व घेतले. जपानशी युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी आपल्या संस्थेतील ब्रदरांना आणि इतरांना घेऊन स्ट्रेचर वाहणाऱ्यांची पथके उभी केली आणि रणभूमीवरून जखमींना उचलून आणले. १९४० मध्ये कम्युनिस्ट सैन्याने त्यांना काही आठवडे कैदेत ठेवले. सुटका झाली तेव्हा शरीर खचले होते. २४ जून १९४० रोजी चुंगकिंगमध्ये ते मरण पावले.

एक अवघड प्रश्न

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. डॉ. कोटणीस ज्या सैन्याच्या जखमींची सेवा करीत होते ते कम्युनिस्टांचे सैन्य होते, आणि मृत्यूच्या काही महिने आधी, जुलै १९४२ मध्ये, ते त्या पक्षाचे सभासद झाले. याच पक्षाचे राज्य १९४९ मध्ये आल्यावर मिशनऱ्यांना देशाबाहेर घालविण्यात आले आणि कित्येक चिनी धर्मगुरू व श्रद्धावंत तुरुंगात गेले. शांघायचे महागुरुस्वामी इग्नेशियस कुंग यांना १९५५ मध्ये अटक झाली आणि त्यांनी तीस वर्षे कैद भोगली. मग अशा पक्षाच्या एका सभासदाची कथा चर्चच्या पत्रिकेत का सांगावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

त्याचे उत्तर संत लूकच्या त्याच दाखल्यात आहे. यहुदी लोकांना शोमरोनी माणूस आवडत नसे. त्याची उपासना त्यांना मान्य नव्हती, त्याच्याशी त्यांचे व्यवहार नव्हते. तरीही शेजारी कोण, या प्रश्नावर प्रभू येशूने उदाहरण दिले ते शोमरोन्याचे. त्याची श्रद्धा बरोबर होती असे प्रभूने म्हटले नाही. त्याने जे केले तसे करावे, एवढेच सांगितले. फादर लेब यांनी कम्युनिस्टांच्या हातून त्रास भोगला आणि डॉ. कोटणीस त्यांच्या बाजूला उभे राहिले. तरी दोघांच्याही खांद्यावर जखमीचेच ओझे होते. सत्यदेव ते ओझे मोजताना पक्ष किंवा देश पाहणार नाही, कारण भुकेला, आजारी आणि परका यांच्यासाठी जे केले ते आपल्यासाठीच केले असे तो अखेरच्या दिवशी म्हणणार आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात हे आपण अनेकदा ऐकले आहे.

आजची आठवण

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला आणि त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः केली. भारत आणि चीन या दोन्ही देशांनी त्यांचे टपाल तिकीट काढले. चीनमधील शिच्याच्वांग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची कबर आहे आणि जवळच डॉ. बेथ्यून यांचीही आहे. आपण २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतो, तसा चिनी लोकांचाही एप्रिलमध्ये पूर्वजांच्या कबरींना भेट देण्याचा दिवस असतो. त्या दिवशी सोलापूरच्या या मुलाच्या कबरीवर फुले वाहिली जातात. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, नंतरही सीमेवर रक्त सांडले, पण ही फुले थांबली नाहीत.

सोलापुरात भैय्या चौकाच्या परिसरात त्यांचे स्मारक आहे. कामानिमित्त, दवाखान्यासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी अकलूजहून आपले सोलापूरला जाणे होते. एखाद्या वेळी तासभर काढून मुलांना ते स्मारक जरूर दाखवावे.

आज परिचर्या किंवा वैद्यकीय शिक्षण घेतलेली अनेक ख्रिस्ती मुले-मुली आखाती देशांत आणि युरोपात काम करतात. चांगला पगार मिळावा, घरचे कर्ज फिटावे ही इच्छा रास्त आहे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. तिथल्या म्हाताऱ्या आजाऱ्याला ती मुले मायेने हात लावत असतील, तर तेही प्रेषितकार्यच आहे. पण घरात मुलगा किंवा मुलगी डॉक्टर, परिचारिका व्हायचे म्हणते, तेव्हा पगार किती मिळेल याच्याबरोबर आणखी एक प्रश्न आपण विचारू या. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी, दोन वर्षे का होईना, तू जाशील का? ते ठिकाण परदेशातच असले पाहिजे असे नाही. माळशिरस तालुक्यातील ऊसतोड मजुरांच्या कोपीतही आजारी लेकरू असते. त्यांची बोली वेगळी, गाव वेगळे, आणि हंगाम संपला की ते निघून जाणार. परका म्हणजे कोण, हे समजायला चीनपर्यंत जावे लागत नाही.

या रविवारी मिस्साबलिदानात आपण सर्व डॉक्टर, परिचारिका आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींसाठी प्रार्थना करू या. घरापासून दूर राबणाऱ्या आपल्या लेकरांसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या आईवडिलांसाठी प्रार्थना करू या. आणि सोलापूरच्या त्या तरुण डॉक्टरलाही परमेश्वराच्या दयेवर सोपवू या.

संत लूक, आम्हांसाठी विनंती कर.